केसरचा मुलगा परत आला नाही

मी, वेणूबाई, कै. दत्तात्रेय तासगावकर यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी शिवणकाम आणि आता बसून खाणे, राहणार सप्तापूर, धारवाड, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहून ठेवते. कुणी सांगितले किंवा धाक घातला म्हणून नव्हे. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. हुबळीला हृदयाचे ऑपरेशन व्हायचे आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरायचं काही कारण नाही." ते असे म्हणाले आणि मी तशीच उठून वकिलाकडे गेले.

अक्षय वकिलांनी मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण त्यात मी कुठे सापडेना. म्हणून माझ्या हाताने लिहिते. शाळा चौथीपर्यंत, पुढचे वाचन किराणाच्या पुड्या सोडून सोडून झाले. चुकले असेल तिथे सांभाळून घ्यावे. यापूर्वी काही मृत्युपत्र केले असल्यास ते रद्द समजावे. केलेले नाही, पण वकिलांनी हे वाक्य घालायलाच लावले.

कलम एक. घर. राहते घर, पुढच्या भाड्याच्या खोलीसह, माझ्या दिराचा मुलगा संदीप याला द्यावे. पुढच्या खोलीत दीपश्री राहते. कॉलेजात शिकवते, भाडेकरू म्हणून आली आणि नातीसारखी झाली. ती स्वतःहून जाईपर्यंत तिला कुणी उठवू नये. संदीपविषयी मनात एकच गोष्ट आहे, ती इथे सांगून मोकळी होते. मागल्या दिवाळीला आला असता, टीव्हीवर माझ्या मालिकेत राणीसाहेब तलवारीला हात घालत असताना याने रिमोट उचलला आणि क्रिकेट लावले. वर म्हणाला, "काकू, रोज तेच असतंय की." तेव्हा पाहुणा म्हणून गप्प बसले. आता सांगते, रोज तेच नसते.

कलम दोन. शिलाई मशीन, इस्त्री, मोठी कात्री रेश्माला. ब्लाऊज शिवायला ती माझ्याकडे शिकली आणि माझ्यापेक्षा चांगला गळा काढते. कात्रीने कागद कापू नये. बँकेत असेल त्यातून माझे दिवस साधेपणाने करावेत, उरेल ते रेश्माच्या मुलीच्या शिक्षणाला द्यावे.

कलम तीन. हॉलमधली राणीसाहेबांची तसबीर सुधींद्रराव हुद्दार यांना. हे पोस्टातून निवृत्त झालेले आमचे मागल्या गल्लीतले शेजारी. आता तसबीर कुठल्या राणीची, हे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

'सोनसळची राणी' ही मालिका मराठी वाहिनीवर तीन वर्षे चालली. जुन्या काळातला एक गड, त्यावर राज्य करणारी एक विधवा राणी, आणि तिची दासी केसर. बघायला आम्ही चौघं माझ्या हॉलमध्ये जमत असू: मी, दीपश्री, सुधींद्रराव आणि समोरच्या घरातली यमुना. राज्याभिषेकाच्या दिवशी आम्ही तिघींनी इरकली लुगडी नेसून टीव्ही बघितला. राणीच्या लग्नाचा भाग आठवणीत दाखवला तेव्हा यमुनेने होळगी, म्हणजे पुरणपोळी, करून आणली. सुधींद्रराव राणी दरबारात आली की सोफ्यावरचे पाय खाली घेत. पण नथीवरून भांडत. "ही नथ पुढच्या काळातली हो वेणूबाई, हिच्या नाकात कशी?" मी म्हणे, "तुम्हाला नाक बघायला बसवलंय का गोष्ट बघायला?" दीपश्री दोघांनाही गप्प करी. एकट्या बाईच्या घरात संध्याकाळी चार माणसे हसायची. देवाने मला एवढे दिले, आणि मी त्याचे काय केले ते पुढे लिहिते. लिहिताना मान वर होत नाही.

कलम चार. टीव्ही यमुनेला द्यावा. कारण खालीलप्रमाणे.

यमुना कन्नड बोलणारी. बाजारापुरते मराठी तिला कळते, पण मालिकेतले दरबारी मराठी कुठले कळायला? शिवाय दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावर तिला रंग दिसायचे, माणसे दिसायची नाहीत. म्हणून मी शेजारी बसून तिला वाक्यावाक्याला कन्नडमध्ये सांगत असे. जाहिरात लागली की ती माझा दंड हलवायची, "मुंद, वेणक्का? मुंद?" म्हणजे पुढे काय, पुढे काय. असे विचारणारे माणूस मला जन्मात दुसरे भेटले नाही. मालक होते तेव्हा मी बोलायला लागले की ते अंगावर पांघरूण घ्यायचे.

या केसर दासीचा मुलगा लढाईवर जातो आणि त्याची खबर येत नाही. केसर रोज त्याचे ताट वाढून बसते. आणि यमुनेचा महेश बापाशी भांडून अळणावरच्या गाडीत बसला तो आजतागायत आलेला नाही. बाप वाट बघत गेला. तिची मुलगी बेळगावला असते. केसर ताट मांडायची तेव्हा यमुनेचा हात माझ्या हातात असायचा, आणि तो कसा व्हायचा ते मलाच माहीत.

मग एके दिवशी मालिकेत जासूद आला. घाटात तुकडी कापली गेली, केसरचा मुलगा त्यात गेला. केसर पडद्यावर हंबरडा फोडत होती. यमुनेने विचारले, "काय झालं? बंदनेन?" आला का, असे विचारत होती.

मी म्हणाले, "आला."

मला ते तोंडातून काढायचे नव्हते. निघाले. "मग रडती का ती?" "आनंदानं रडती ग." यमुनेने पदर डोळ्याला लावला आणि हसली. तिला असे हसताना मी महेश गेल्यापासून पाहिले नव्हते. दीपश्रीला आणि सुधींद्ररावांना दोन्ही भाषा येतात. सुधींद्ररावांनी माझ्याकडे पाहिले, तपकिरीची चिमूट तशीच बोटात राहिली. जाताना दारात हळूच म्हणाले, "वेणूबाई, ही गोष्ट कुठल्या चॅनेलवर लागते हो?"

दुसऱ्या दिवशी खरे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, उलट वाढवले. मालिकेत केसर पांढऱ्या लुगड्यात फिरू लागली. यमुनेला पांढरे तेवढे दिसले, तर म्हणाले, "व्रत घेतलंय." मुलाचे लग्न लावून दिले, सूनही आणली. राणी बाजूला राहिली आणि माझी केसरच मोठी झाली. खरे सांगायचे तर मला त्यात गोडी लागली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवले. हे पहिले कापड माझ्या मनाप्रमाणे कापायला मिळाले, आणि कुणाच्या अंगावर चढवतेय हे मी बघितले नाही. एकदा केसरच्या तोंडी मी घातले, "दार उघडं ठेवणाऱ्या आईचा लेक वाट चुकत नाही." मालिकेत असे कुणीही म्हटलेले नाही. ते माझे.

यमुनेने ते वाक्य धरून ठेवले. बेळगावची मुलगी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी न्यायला आली, गाडी घेऊन आली, तर हिने उंबरा सोडला नाही. "मी दाराला कुलूप लावून जाऊ आणि तेवढ्यात तो आला तर? केसर गेली होती का कुठं?" मुलगी रडली, चिडली, शेवटी माझ्याकडे आली. "वेणक्का, तुमचं ऐकती ती. तुम्ही तरी सांगा." मी तिला चहा दिला. बघते म्हणाले. त्या मुलीच्या तोंडाकडे मला बघवत नव्हते. त्यानंतर वर्ष गेले. यमुनेला आता रंगही नीट दिसत नाहीत. जिन्याच्या पायऱ्या हाताने चाचपते. मी रोज समोरून बघते, हाक मारते, ती हसून हात हलवते, नेमका मी उभी नसते त्या बाजूला.

मला मूल नाही. वाट बघणे म्हणजे काय ते मला वरवरचे माहीत होते. म्हणून दुसरीला इतक्या सहज वाट बघायला बसवले.

आता सुधींद्रराव बातमी घेऊन आले की दसऱ्यापासून हीच मालिका कन्नडमध्ये लागणार आहे. यमुनेला कुणीतरी सांगितलेही. मला म्हणाली, "आता तुझ्या घशाला आराम. केसरचा मुलगा कसा बोलतो ते माझ्या कानांनी ऐकीन." त्या दिवसापासून माझ्या गळ्याखाली घास नीट उतरत नाही. डॉक्टर त्याला हृदयाचा आजार म्हणतात.

म्हणून टीव्ही यमुनेला, आणि टीव्ही देताना दीपश्रीने हे कलम तिला कन्नडमध्ये वाचून दाखवावे. जसे आहे तसे. मऊ करू नये.

इथपर्यंत लिहून मी कागद दीपश्रीला तपासायला दिला. तिने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अज्जी, तुम्ही गेल्यावर मी तिला सांगू? मग तिनं भांडायचं कुणाशी, तुमच्या तसबिरीशी?"

मी म्हणाले, "मला धीर नाही ग."

"खोटं सांगताना होता की."

ही पोरगी मला कधी असे बोलली नव्हती. मी पदराने तोंड पुसले आणि समोर गेले. त्यामुळे यापुढचा मजकूर चार दिवसांनी लिहिलेला आहे. शाई वेगळी दिसेल, अक्षर माझेच आहे.

यमुना शेंगा सोलत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. कन्नडमध्ये सांगितले, ज्या भाषेत खोटे सांगितले त्याच भाषेत. तिचे हात थांबले नाहीत. बराच वेळ शेंगा फुटत राहिल्या. मग तिने विचारले, "मुंद?"

मला कळेना. ती म्हणाली, "मुलगा गेल्यावर केसरनं काय केलं? खरं जे दाखवलं ते सांग."

मी सांगितले. केसरने दिवस घातले. मग एके सकाळी मुलाचे ताट काढले, त्यात भाकरी वाढून घेतली, आणि त्याच ताटात स्वतः जेवली. जेवून उठली आणि गडाखाली पाणी भरायला गेली, कारण गडावर पाणी नव्हते.

यमुना म्हणाली, "एवढं चांगलं होतं ते. आणि तू मला सून आणून दिलीस."

मी तिच्या पायाशी वाकले. तिने पाय मागे घेतले. "ऊठ. टीव्हीबिव्ही मला नको. जा आता, मला शेंगा सोलायच्या आहेत." मी परत आले. दुसऱ्या दिवशी तिने हाकेला ओ दिली नाही. ते बरोबरच होते. माझी चूल पेटली नाही, दीपश्रीने डबा आणला तो तसाच राहिला.

काल सकाळी रिक्षाचा आवाज आला म्हणून खिडकीत गेले. यमुनेची मुलगी तिला हात धरून बसवत होती. समोरच्या दाराला कुलूप होते. महेश गेल्यापासून त्या दाराला कुलूप मी पहिल्यांदा पाहिले. यमुना माझ्याकडे आली नाही. फाटकाशी दीपश्री उभी होती, तिच्या हातात काहीतरी दिले, तिला काहीतरी सांगितले, आणि रिक्षा गेली.

दीपश्रीने ते माझ्यापुढे ठेवले. समोरच्या घराची किल्ली, लाल दोऱ्यात ओवलेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वेणक्काला दे. महेश आला तर उघडून दे म्हणावं, आणि आई बेळगावला डोळ्यांच्या ऑपरेशनला गेली आहे, एवढंच सांग म्हणावं." दीपश्रीने किल्ली माझ्याकडे सरकवली. "आणि म्हणाली, स्वतःचं काही घालू नको म्हणावं."

तेव्हा कलम चार असे वाचावे: टीव्ही यमुनेचाच. तिला नको असेल तर तिने मोडीत घालावा, पण आधी तिच्या दारी नेऊन तिला विचारावे.

कलम पाच, शेवटचे. सदर किल्ली माझ्या मालमत्तेत धरू नये. ती माझी नाही, माझ्याकडे ठेवायला दिलेली आहे. मी ऑपरेशनमधून उठले नाही तर यमुना परत येईपर्यंत ती दीपश्रीने सांभाळावी, आणि ती परत आल्यावर तिच्या हातात द्यावी, शेजारी ठेवून येऊ नये. त्याआधी महेश नावाचा माणूस समोरच्या दाराशी आला तर त्याला दार उघडून द्यावे, पाणी द्यावे, आणि वर लिहिलेले तेवढेच सांगावे. आईने वाट किती बघितली, कशी बघितली, हे कुणी सांगू नये. ते सांगायचे असेल तर यमुना सांगेल. नाही आला तर नाही आला असेच यमुनेला सांगावे.

हा मजकूर साक्षीदारांसमोर मी पूर्ण वाचला आहे. यात माझ्या पदरचे काही घातलेले नाही.

(सही) वेणूबाई दत्तात्रेय तासगावकर

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही:
१. श्रीकांत हणमंत पोतदार, औषध दुकान, सप्तापूर (सही)
२. श्रीलक्ष्मी नारायण देसाई, निवृत्त नर्स, सप्तापूर (सही)

स्थळ: धारवाड
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५