वाद्यसंग्रह : एकूण अकरा नग

१ जुलै १९५६, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, थोडक्यात लिहायची, खरे लिहायचे. कारणही तसेच आहे. मासिकाच्या ‘पत्रमैत्री’ सदरात माझे नाव छापून आले. पान ६२, डावीकडे, खालून तिसरे. ‘दे. रा. भोईर, जव्हार, जि. ठाणे. वय २९. छंद : छायाचित्रण व वाद्यसंग्रह.’

वय चौतीस आहे. पण नाव पाठवायचे पाच वर्षांपूर्वीच मनात आले होते, तेव्हाचे धरले.

कॅमेरा अजून घेतलेला नाही. वाद्यसंग्रहात सध्या माउथ ऑर्गन एक (दोन सूर बंद) आणि आरतीची झांज अर्धी. उरलेली अर्धी काशीने दुधाच्या पातेल्यावर झाकण घातली आहे. मागितली तर म्हणते, मांजराला तुम्ही हाकलणार का.

२ जुलै

अंक कचेरीत नेला, पान ६२ उघडून टेबलावर ठेवला. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. संस्थान असते तर असे झाले नसते. तेव्हा मी दरबारच्या दप्तरात होतो, माझ्या अक्षराला मान होता. विलीनीकरण झाले आणि मी आवक-जावकच्या टेबलावर येऊन पडलो. दिवसभर शिक्के. असो. कलावंताने सोसायचेच असते.

१९ जुलै

मध्ये सोळा दिवस लिहिणे झाले नाही. हवा दमट, कागदावर शाई फुटते.

पत्र आले! मुंबईहून, गिरगावातून. श्री. तळपदे. एका कंपनीच्या ऑफिसात आहेत, छंद इलेक्ट्रिक गिटार जमवणे. चार आहेत! मांडीवर आडवी ठेवायची, तारांवर लोखंडी पट्टी फिरवायची, वायर एका पेटीला जोडायची, की आवाज चाळभर. सोबत फोटो. तळपदे गॅलरीत बसलेत, एका हातात चहा, मांडीवर गिटार, अंगात बनियन. लिहितात, ‘आपण एकमेकांना रोजचे साधे फोटो पाठवू. पोज नकोत. मैत्री अशानेच वाढते.’

बनियन पाहून जरा धक्का बसला. पण मोठ्या माणसांचे असेच असते.

लगेच उत्तर टाकले. माझ्या संग्रहात अकरा वाद्ये आहेत असे लिहिले. चारपेक्षा जास्त हवीत, आणि पाच लिहिले असते तर चढाओढ दिसली असती.

२९ जुलै, रविवार

लक्ष्या कॅमेरा घेऊन आला. लक्ष्या म्हणजे काशीचा भाऊ, एसटीत कंडक्टर, नाशिकची गाडी करतो. कॅमेरा त्याच्या दोस्ताचा, काळा डबा. रोलात फोटो आठच. म्हणून रात्रीच यादी केली होती. मी चहा पिताना, मी वाचताना, मी विचार करताना (दोन), मी कोंबड्यांना दाणे टाकताना, वगैरे. रोजचे, साधे.

कोट घातला. काशीला शिकवले, डबा पोटाशी धर, वरच्या काचेत बघ, मी दिसलो की खटका दाब. ती म्हणाली, घरात कोट घालून चहा तुम्ही कधी पिता? म्हटले, फोटोत पितो.

११ ऑगस्ट

लक्ष्याने नाशिकहून फोटो धुवून आणले. आठही फोटोंत मी गळ्यापासून खाली आहे. विचार करतानाच्या दोन्ही फोटोंत नुसता कोट. पाचव्यात कोंबडी फर्स्टक्लास आली आहे.

काशी म्हणाली, डबा पोटाशीच धरा म्हणून तुम्हीच सांगितलेत.

त्यातले पाच निवडून पाठवले. मागे लिहिले, ‘चेहरा महत्त्वाचा नाही, जीवन महत्त्वाचे.’ आता वाटते, मुद्दाम काढले असते तरी इतके कलात्मक आले नसते.

२७ ऑगस्ट. रात्री ९

तळपद्यांचे पत्र. फोटो आवडले, विशेषतः कोटाची बटणे. पुढे लिहितात, ‘तुमच्या भागात तारपा नावाचे वाद्य असते म्हणतात. वाळक्या दुधी भोपळ्याचे, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तुमच्या अकरांत तो असणारच. मला एक द्या, मी माझी एक इलेक्ट्रिक गिटार तुम्हाला देतो. दिवाळीनंतर स्वतः घेऊन येतो. तोवर तुम्ही तारपा वाजवत असतानाचा एक फोटो पाठवा.’

मला ती गिटार हवी. लहानपणी दरबारच्या तबेल्यातला पांढरा घोडा हवा होता, तशी हवी. त्यानंतर इतके काही हवे वाटलेच नव्हते.

उत्तर लिहिले, तारपे तीन आहेत, पैकी एक आनंदाने देईन, लहानपणापासून मी स्वतः वाजवतो.

काशीने विचारले, गिटार विजेची ना? मग वीज कुठाय? आपल्याकडे दोन कंदील आहेत, त्यातल्या एकाची काच तडकलेली. म्हटले, पंचवार्षिक योजनेत खांब येणारच. त्या कागदाला जावक क्रमांक मी स्वतःच्या हाताने दिलाय. बायकांना दूरचे दिसत नाही.

२ सप्टेंबर, रविवार

पोशेऱ्याला गेलो. लक्ष्याचीच गाडी. सख्खा मेहुणा असून तिकीट फाडले, वर म्हणतो, दाजी, सुटे द्या.

पोशेऱ्यात जिवा म्हणून आहे, त्याच्यासारखा तारपा आसपास कोणी वाजवत नाही. तो म्हणाला, गेल्या वर्षीचा तारपा फुटला. नवा दुधी वाळल्यावर करीन. आणि नवा भात खाल्ल्याबिगर तारपा फुकीत नाय. मी त्याला पत्रमैत्री समजावून सांगितली. तो बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, ज्याला पायलाबी नाय त्याला तुम्ही फोटो धाडता? येडंच हाय.

पण मनाने चांगला. वेलावर तारप्याजोगे दोनच दुधी होते. एक स्वतःला ठेवून दुसऱ्याला त्याने माझ्या नावाची दोरी बांधली. म्हणाला, सायब, ह्यो तुमचा. येलावरच सुकू द्या. सुकला का मी तारपा करून देतो.

वेळ थोडा आहे. दुधी तोडून घरी आणला. वेलावर सुकला काय आणि घरात सुकला काय, सुकणे सारखेच.

८ सप्टेंबर

भाऊसाहेबांना जेवायला बोलावले होते. तळपदे येतील तेव्हा रजा लागेल, म्हणून.

काशीने दुधीची भाजी केली.

मी दुधी स्वयंपाकघरात चुलीच्या वर बांधून ठेवला होता. कडू जातीचा होता. भाऊसाहेबांनी पहिला घास घेतला, तो पानाच्या कडेला काढून ठेवला, दोन तांबे पाणी प्यायले आणि शांतपणे विचारले, भोईर, माझ्याबद्दल मनात काही आहे का?

ते गेल्यावर काशीला स्पष्ट शब्दांत बोललो. ती त्याहून स्पष्ट शब्दांत बोलली. सारांश असा, की जो माणूस दुधी स्वयंपाकघरात ठेवतो आणि त्यातून गाणे निघेल म्हणतो, त्याने हॉटेलात जेवावे.

वाद्यसंग्रहात एक नग कमी. तो अजून आला नव्हता, हे खरे.

१५ सप्टेंबर

खचायचे नाही. तारपा मिळेपर्यंत श्वासाची प्रॅक्टिस. जिवा मध्ये न थांबता फुंकतो, नाकाने घेतो आणि तोंडाने सोडतो, दोन्ही एकदम. घरात तशा आकाराचे रॉकेलचे नरसाळे आहे, त्यावर सुरुवात केली. पहिल्याच दिवशी अकरा सेकंद! शेजारच्या गोदाकाकू काशीला विचारून गेल्या, तुम्ही म्हैस कधी घेतली?

रोज अर्धा तास. खाडा नाही.

१६ सप्टेंबर

खाडा. जिभेला रॉकेल.

४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

आज मी जिंकलो. सविस्तर लिहितो.

दिवाळीची सुट्टी, पोशेऱ्यात नवा भात झालेला, खळ्यावर नाच. लक्ष्या कॅमेरा घेऊन बरोबर. मी अस्सल दिसावे म्हणून कोट घरी ठेवला आणि मोठा फेटा बांधला. फेट्यात मला काशीनेही ओळखले नाही, म्हणजे तसे ती म्हणाली.

बेत साधा होता. जिवाने नवा तारपा वाजवायचा, पण माझ्या पाठीमागे उभे राहून. पुढे मी, हातात त्याचा गेल्या वर्षीचा फुटका तारपा. त्यातून आवाज निघत नाही, पण फोटोत आवाज कुठे असतो? नाचणाऱ्यांनी आमच्याभोवती गोल धरायचा. लक्ष्याने बाहेरून आठही फोटो काढायचे, नाशिकला धुवायचे आणि तिथूनच परस्पर गिरगावला टाकायचे. वेळ वाचतो.

एकच अडचण आली. सगळ्यांना म्हटले, नाचताना तोंडे कॅमेऱ्याकडे करा. जिवाची बायको, नाव हौशी, नाचात सर्वांत पुढे असते. ती फटकन म्हणाली, तारप्याला पाठ दावीत नाय. तारपा जिकडं, तोंड तिकडं. बरे झाले. म्हणजे सर्वांची तोंडे माझ्याकडेच.

तारपा सुरू झाला. मी गाल फुगवले आणि डोळे मिटले. डोळे मिटल्याने चेहऱ्यावर भाव येतो. काय सांगू! लोक इतके रंगले की पावलांचा आवाज हळूहळू दूर दूर जाऊ लागला. समाधी म्हणतात ती हीच असावी. डोळे उघडले तेव्हा सगळी मंडळी, जिवासकट, खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. दमली असतील. लक्ष्या कॅमेरा पोटाशी धरून डोळे पुसत होता. इतका हळवा असेल असे वाटले नव्हते.

गिटार ठेवायला खुंटी ठोकली.

२५ नोव्हेंबर, रविवार. रात्री

तळपदे येऊन गेले. खरे लिहायचे असे पहिल्या दिवशी ठरवले होते. लिहितो.

सकाळी स्टँडवर त्यांनी कोटाची बटणे पाहून मला ओळखले आणि मिठी मारली. हातात लांबट काळी पेटी. माझी नजर तिच्यावरून हलेना. घरी आल्यावर म्हणाले, संग्रह बघू या. म्हटले, वाळवी लागली म्हणून पोशेऱ्याला हलवलाय.

मग त्यांनी फोटो काढले. एक मुद्दाम मोठा करून आणला होता. मी पहिल्यांदाच पाहत होतो. खळ्याच्या मधोमध जिवा, तारपा वाजवतोय. त्याच्याभोवती सगळा नाच, सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे. जिवा वाजवत वाजवत सरकला होता आणि गोल त्याच्याबरोबर गेला होता. डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या बाहेर, एक फेटेवाला डोळे मिटून गाल फुगवून एकटाच उभा.

तळपदे म्हणाले, मी मधल्या माणसाला तुम्ही समजत होतो. हे तर तुम्ही नव्हेत. आणि हा कोपऱ्यातला बिचारा कोण? दाढ दुखतेय का याची?

मी म्हटले, हो. दाढच. गावातलाच आहे.

काशी चहा घेऊन आली होती. फोटोकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि माझ्या बशीत एक लवंग आणून ठेवली. बोलली असती तर बरे झाले असते.

दुपारच्या गाडीने पोशेऱ्याला गेलो. जिवाला वाटेत गाठून दोन शब्द सांगायचे होते, पण तो दारातच बसलेला. तळपद्यांनी विचारले, भोईरांचे तारपे तुमच्याकडे आहेत ना? जिवा म्हणाला, सायबाचा तारपा? त्यांना म्या दुधी दिल्ता. त्यो त्यांनी शिजवून खाल्ला.

तळपदे हसू लागले ते खाली बसेपर्यंत. मग जिवाने तारपा वाजवून दाखवला आणि हसणे थांबले. पाऊण तास माणूस हलला नाही. उठून पेटी उघडली आणि गिटार जिवाच्या मांडीवर ठेवली. अदलाबदल झाली. जिवाने नवा तारपा देऊन टाकला. सूर्यमाळला भावाच्या वेलावर दुधी आहे म्हणे, दुसरा करील.

लाल रंगाची आहे. फोटोत रंग कळत नव्हता.

जिवाने ती उलटी केली, सुलटी केली, वायरच्या भोकाला तोंड लावून पाहिले. मग माझ्याकडे वळून विचारले, सायब, फुकायचं कुठून?

मी जाणकार म्हणून पुढे झालो. सांगितले, हिला वीज लागते. त्याने विचारले, कवा येल? मी म्हटले, येईल. खांबांच्या कागदाला जावक क्रमांक पडलाय.

घरी आल्यावर काशीने गरम भात वाढला. खुंटीवर कोट टांगला. मला फार वाईट वाटले.

१६ डिसेंबर, रविवार

तळपद्यांचे पत्र आले. पत्ता माझा, वर नाव ‘श्री. जिवा, मु. पोशेरा’. खाली ‘मार्फत’ म्हणून मी. सवयीने त्यावर कचेरीचा आवकचा शिक्का मारला.

पोशेऱ्याला जाऊन वाचून दाखवले. गिटार भिंतीवर आहे. हौशीने तिच्या कानांना, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांना, लसणाच्या जुड्या अडकवल्या आहेत. पत्रात तारप्याचे कौतुक, तळपद्यांनी स्वतः फुंकून पाहिला त्याची हकिगत (चाळीतली माणसे जमली), आणि रोजचे साधे फोटो पाठवा ही विनंती. शेवटी, ‘कोपऱ्यातल्या त्या गृहस्थांची दाढ बरी झाली का?’

ते वाक्य गाळणार होतो. पण जिवा म्हणाला, अजून दोन वळी हायत, वाचा. तो खालच्या ओळी मोजत होता.

मग त्याने उत्तर सांगितले, मी लिहिले. ‘दाढबीड काय नाय. त्यो आमचा भोईर सायब. तारपा त्याला जमत नाय, पन मानूस बरा हाय. कागद वाचाया येवढ्या लांबून येतो.’

लिहिताना ‘बरा’च्या जागी ‘उत्तम’ घातले. जिवाला वाचता येत नाही. हौशीने चहा दिला. गुळाचा होता, तो प्यायलो. जिवा म्हणाला, पुढच्या ऐतवारी या, दुधी आनतो, संगं करू तारपा. एक तुमचा. फकस्त घरी नेऊ नका.

‘उत्तम’ खोडले. वर ‘बरा’ लिहिले.

खाडाखोड झाली की शेजारी सही करावी लागते, नियम आहे. समासात जागा नव्हती, म्हणून डाव्या कोपऱ्यात केली. दे. रा. भोईर.