पद्मावतीच्या फोटोखालची ओळ

काचीगुडा, ४ जून २०२४

आपल्या पद्मावतीच्या फोटोखाली 'डोमेस्टिक हेल्प' लिहिलंस? शेजारच्या वरुणला अर्थ विचारला. घरची मदत म्हणे. एकतीस वर्षं ती मदत करत होती होय गं? मदत तू करतेस, दिवाळीला दोन करंज्या लाटून. ती काम करायची.

चि. तन्वीस आशीर्वाद. फोनवर तू नुसतं हौ हौ करतेस, म्हणून पत्र. कष्टकऱ्यांच्या फोटोंचं तुझं इंग्रजी पुस्तक छापायला जायच्या आत ती ओळ बदल. तुझा नमुन्याचा कागद आला तेव्हापासून मी संध्याकाळी घासून पालथी घातलेली भांडी सकाळी पुन्हा खरकटी असतात. तेच वरण, तोच भात, वाळलेला. तांब्यावर चिंचेचा चोथा. पद्मावतीला जाऊन पाच वर्षं झाली, आणि चिंचेनं तांब्या घासणारी तीच. मदतच होती तर आता नाही करत, असं म्हणत असेल. भीत नाही मी. पण जेवू कशात?

लोभ आहेच, अक्कल वाढू दे.
कमलआजी

बेंगळुरू, ११ जून

ती. आजीस सा. न.

संपादक म्हणाले, 'सर्व्हंट' नकोच, 'मेड'ही कमीपणाचं, 'हेल्प' सभ्य. तुझं पत्र आल्यावर मी 'हार्डवर्किंग' जोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्या धुतलेल्या ताटल्या खरकट्या, कडेला चिंच. आजी, माझ्या घरात चिंच नाही. 'डोमेस्टिक वर्कर' केलं, तर कढईसुद्धा. चोवीस तारखेला पुस्तक छापायला जातं. काय लिहू?

रागावलीस तरी माया असू दे.
तन्वी

काचीगुडा, १९ जून

चि. तन्वीस आशीर्वाद.

बांगड्या निवडल्यासारखे शब्द निवडत बसलीस, तिच्या माणसांना विचारलंस का? मी रिक्षा करून अफझलगंजला गेले. तिची मुलगी सुगुणा तिथं कापडाच्या दुकानात आहे. आई स्वतःच्या कामाला काय म्हणायची, विचारलं. ठाण गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "अम्मा म्हणायची, मी तीन घरं चालवते." वरुणनं त्याचं इंग्रजी केलं, 'शी रॅन थ्री हाउसहोल्ड्स', आणि काल तुला कळवलं. लगेच बदललंस, बरं केलंस.

आज सकाळी भांडी लखलखीत. फक्त ओट्याच्या मधोमध एक थाळी खरकटी. पद्मावतीला आपण मागच्या खिडकीत वेगळी ठेवत होतो, ती. ती गेल्यावर मीच भंगारात दिलेली. हात लावला तर ऊन, आत्ताच कुणी जेवून उठावं तशी.

ओळ तुझी चुकली होती. थाळी माझी.

मी ती घासली. आता आपल्या ताटांत ठेवू की सुगुणाकडे पोचवू, कळत नाही. तिला विचारायला मला तोंड नाही. हे पत्र तिला फोनवर वाचून दाखव, काही गाळू नकोस. आणि उत्तर तू द्यायचं नाहीस, तिनं द्यायचं.

कमल