बिनसहीचा पास

मी, सौ. कुमुदिनी उमाकांत खांबेटे, वय ६३, रेल्वेच्या आरक्षण कार्यालयातून निवृत्त, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी मुदत सांगितली आहे, पण डोके शाबूत आहे आणि कोणाचे दडपण नाही. रागात आहे, हे मात्र खरे. कायद्याची त्याला हरकत नाही, असे वकिलांनी सांगितले.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. माझे पती श्री. उमाकांत यांनी हयात असेपर्यंत त्यात राहावे. नंतर ते शेजारच्या अन्नपूर्णाबाईंची नात हरिणी हिचे.

२. लिहिण्याचे टेबलही हरिणीचे, आणि ते माझ्या तेराव्याच्या आत हलवावे. त्यावर यांनी आपल्या प्रवासवर्णनांसाठी आयुष्यभर नकाशे पसरले. मी तांदळाच्या डब्यावर वही ठेवून लिहिले.

३. मला दरवर्षी मिळणारे रेल्वेचे पास यांनीच वापरले. लेखकाला हिंडावे लागते, एका जागी बसून काय सुचणार, हे मी रोज पोळ्या लाटताना ऐकले. १९८७ साली एका मासिकाने माझी कथा परत पाठवली: "लेखिकेचे अनुभवविश्व सीमित आहे. प्रवास करावा." कशाने करणार? पास यांच्या खिशात होता. ते पत्र माझ्यासोबत जाळावे.

४. माझ्या चौदा वह्या. एकतीस वर्षे आरक्षणाच्या खिडकीपलीकडे उभ्या राहिलेल्या माणसांनी जे सांगितले, ते त्यांत आहे. एका जवानाची बायको सांगत होती, नावेत पाय ठेवण्याआधी तिची सासू ब्रह्मपुत्रेला एक बांगडी देते. २००१ साली हे बावीस दिवस ब्रह्मपुत्रेकाठी जाऊन आले, पुस्तक लिहिले, शाल-श्रीफळ घेतले. पुस्तकात ती बांगडी यांनी "डोळ्यांनी पाहिली" आहे. यांची स्वतःची भर म्हणजे वर एक चंद्र.

मला वाटले, गेले असतील, यांनाही दिसली असेल. इतकी मी मूर्ख. मग यांच्या पिशवीतला पास पाहिला, तर कोरा; तपासताना टीसी पासावर सही करतो. इतक्या लांबच्या प्रवासात जाताना-येताना एकाही टीसीची सही नाही, असे होत नाही. अन्नपूर्णाबाईंकडे विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "गावाला कुठले? मागल्या मॅन्शनच्या गच्चीवर धुतलेली वेष्टी वाळत घालत होते की. भांडून गेले वाटलं, म्हणून बोलले नाही." बावीस दिवस, घरापासून दोन गल्ल्यांवर, मॅन्शन म्हणतात त्या एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांत. माझी सातवी वही तेवढेच दिवस सापडत नव्हती.

विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, गाडीत बसलं की जीव घाबरतो माझा." आधीच्या वर्षांचे काय, हे मी विचारले नाही. धीर झाला नाही.

वह्यांचे सर्व हक्क हरिणीचे. तिचे मराठी तमिळ वळणाचे आहे, असू दे, तिला माझे अक्षर लागते. छापताना नाव माझे घालावे. यांची प्रस्तावना नको, दोन ओळींचीही नको.

५. अस्थी. हे काशीला नेतो म्हणतील, रडतीलही, आणि मग त्यावर लेख लिहितील. परवानगी नाही. हरिणीने त्या पायी मरीनावर न्याव्यात आणि समुद्रात सोडाव्यात. वाटेत ते मॅन्शन लागते. यांना बरोबर यायचे असेल तर यावे. पास लागत नाही.

स्थळ: तिरुवल्लिकेणी, चेन्नई
दिनांक: ९ जुलै २००७

(सही) कुमुदिनी उमाकांत खांबेटे

आम्हां दोघींच्या देखत बाईंनी सही केली.
साक्षीदार:
(सही) अन्नपूर्णाबाई, शेजारीण
(सही) विजयालक्ष्मी, निवृत्त आरक्षण लिपिक, शेजारची खिडकी