भरतीरेषेपासून वीस पावले

मी, सगुण धाकू शेटगांवकर, वय एकोणऐंशी, राहणार मांद्रे, तालुका पेडणे, आज सकाळी दोन पाव व चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहितो. शाळा चौथीपर्यंत. वकिलांनी अक्षर सुधारावे, मजकूर सुधारू नये.

१. गोव्याच्या कायद्याने निम्मे मुलांचे ठरलेलेच आहे. त्यात घर व विहीर मुलगा सुधीरला, बँकेतली ठेव मुलगी गौरवीला. भांडण नको, दोघांचा आवाज मोठा आहे.

२. माझी कोयती व माडावर चढायचा दोर सूनबाई सुप्रियाला. सुधीरला खालूनच चक्कर येते.

३. समुद्राकडचे भाट, म्हणजे माडांची बाग. दहा वर्षांपूर्वी लाटा मुळांशी आल्या, म्हणून मी चिऱ्यांचा बांध घातला. माड वाचले, मी खूश. त्या थंडीत अंडी घालायला कासवीण आली. बांधाला डोके टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली आणि शेवटी पायथ्याच्या ओल्या वाळूतच अंडी घालून गेली. तिसऱ्या दिवशी भरतीने ती अंडी नेली. माझी बायको देवकी तेव्हा होती. म्हणाली, "तुमी बाळंतिणीक दारातसून माघारी धाडलात."

मी पहार घेऊन बांध पाडला. शेजारचा अशोक कुंपणावरून म्हणाला, "सगुण, दर्याक दार उघडून दितंस? मगे पाट पण मांड, जेवूक बसंव." पाच माड गेले. पुढच्या वर्षी तीन घरटी झाली. अशोकला मी माफ केले आहे, पण विसरलो नाही.

४. सुधीरला तो बांध पुन्हा घालायचा आहे. म्हणून माझ्या अधिकारातल्या निम्म्यातून हे भाट सुप्रियाला देतो. घरटी तीच राखते, वनखात्याला तीच कळवते. अट एकच: भरतीरेषेपासून वीस पावलांत बांध, पर्यटकांची खाट, दिवा काही नको. समुद्र आत येईल तशी ही वीस पावलेही आत यावीत.

५. सुधीरने काल विचारले, "बाबा, रेषा घराक पावली मगे?" उत्तर येथेच लिहितो. उजेड वाळूवर पडू नये म्हणून समुद्राकडची जनेलां संध्याकाळपासून लावून घ्यावीत आणि सर्वांनी स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करावी. पुढचे अंगण मृगापर्यंत कासविणीचे.

वाचून, ऐकून, समजून सही केली.

सगुण धाकू शेटगांवकर

साक्षीदार:
१. डॉ. सुमंगला कोरगांवकर (डोके तपासले, ठीक आहे)
२. अशोक तुयेकर (कुंपणावरचे बोलणे माझेच)

पेडणे, १७ नोव्हेंबर २०२५