लॅपटॉप उघडू नकोस

जुईली,

तुझ्या लॅपटॉपवरचं अँटिव्हायरस 'परवानगी नाही' म्हणून सारखं अडत होतं ना, ते बिघडलेलं नाही. तुझ्या दादाने लिनक्स टाकून देताना ते मुद्दाम बंद केलंय. आत त्याचं चोरून उघडलेलं खातं होतं, तुझे सगळे मेसेज त्याला दिसत होते, अजूनही दिसत असतील. म्हणून हे कागदावर लिहितेय. तुझं आणि मनीषचं कोर्टातलं लग्न कधी आहे, तेही त्याला कळलंय.

मी ते खातं काढून टाकलं आणि लगेच त्याचा मला फोन आला; आपल्या खोलीत दुसरं आहेच कोण. "मेधा, लॅपटॉपला हात कशाला लावला? ताम्हिणी घाटातनं निगालोय मी."

तू खालच्या काकूंकडे जाऊन बस. मनीष फोन उचलत नाहीये. मी महाळुंग्याला त्याच्या खोलीवर चाललेय.

मेधा