मळीच्या टाकीचा चार्ज

१२ मे

दिवाळीनंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी वहीचीच माफी मागते. परीक्षा, पेपर तपासणी ही कारणं खरी आहेत, पण आळस त्याहून खरा.

आज मात्र मन प्रसन्न आहे. दौंडला रेल्वेतून उतरून एस.टी.नं बारामती, तिथून इंदापूरच्या रस्त्यावरचा हा साखर कारखाना. उन्हाळी संशोधन-विनिमयात बारामतीच्या दोन मुली आमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि त्या बदल्यात आमची बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची अंजली इथं आली. डिस्टिलरीतून निघणाऱ्या तपकिरी पाण्याचा रंग चिपाडाच्या राखेनं किती उतरतो, ते तिनं बघायचं. तिची जबाबदारी माझी.

गेस्ट हाउसवर स्वयंपाकाला साखरबाई आहेत. उजनीच्या माशांचं कालवण केलं होतं. मी एकाच भाकरीवर थांबले तर म्हणाल्या, एवढंच खानार, आन् पोरींना शिकवायला जीव कुठनं आननार? अंजली हसून हसून लाल झाली.

घरी माझी आई आणि लेक प्रगती दोघीच. प्रगतीनं फोनवर विचारलं, तिथं साखर फुकट मिळते का?

१५ मे

लॅब जुनी पण स्वच्छ आहे. गाळप संपल्यामुळे सगळा कारखाना सुस्त आहे, मुख्य केमिस्ट रजेवर आहेत. दुपारी अंजली राख चाळायला मागच्या शेडमध्ये गेली, तेव्हा भानुदासराव म्हणून एक शिफ्ट केमिस्ट खिडकीशी उभे दिसले. गृहस्थ सभ्य, पण फार थकलेले. खिडकीतून दिसणाऱ्या टाकीकडे बोट करून म्हणाले, उन्हाळ्यात मळी तापते मॅडम, नुसती ठेवली तर आतल्या आत शिजती, म्हणून लक्ष ठेवायला कुणीतरी लागतंच. बदलीचा माणूस येईना. आणि तो आल्याशिवाय शिफ्ट सोडायची नाही हा कारखान्याचा नियम.

मग अगदी हळू म्हणाले, घरी बायको, लक्ष्मी, जेवायची थांबली असंल. मॅडम, जरा चार्ज घेता का? मी जाऊन आलोच.

मी म्हटलं, घेतला.

त्यांनी दाराबाहेर आधी एक पाऊल टाकून बघितलं. मग दुसरं. मग ते पळत सुटले.

दुसऱ्यांच्या कारखान्याची जबाबदारी अशी तोंडी घ्यायला नको होती, असं आता वाटतं. पण माणूस घरी जेवायला जात होता. संध्याकाळ झाली, अजून आले नाहीत. अंजलीला पुढे गेस्ट हाउसवर पाठवलंय. शब्द दिला आहे, तेव्हा थांबते.

१६ मे

रात्र लॅबमधल्या बाकावर काढली. सकाळी साखरबाई डबा घेऊन आल्या. भानुदासरावांबद्दल विचारलं तर त्यांच्या हातातली वाटी सांडली. म्हणाल्या, भानुदास केमिस्ट? त्यो लय वर्सांमागं, पोरं ल्हान असताना, शिफ्टला गेला तो गेलाच. हैदराबादला पळाला म्हनत्यात. आन् काल सांजच्याला पणदरे गावात सोताच्या दारात उबा! लक्ष्मीबाईनं वाढलं, दोन भाकरी खाल्ल्या, आडवा झाला तो उठलाच न्हाय. केस बी पिकलं न्हवतं बगा.

मी सांगितलं, ते काल इथंच होते. त्या डबा तसाच टाकून निघून गेल्या.

मीही निघाले. दाराबाहेर पाय टाकला आणि तो लॅबच्या फरशीवरच पडला, खिडकीशी. समोर टाकी. ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल. पुन्हा गेले. पुन्हा खिडकीशी.

१७ मे

मी रसायनशास्त्र शिकवते. घाबरण्याआधी प्रयोग करून बघायला हवा. मागच्या दारानं, डोळे मिटून, उलटं चालत, सगळं केलं. शेवटी अंजलीचा हात धरून गेले. तिला वाटलं मी गंमत करतेय. उंबऱ्यावर तिची मूठ रिकामी झाली आणि मी तिच्या पाठीमागून तिला हाक मारली. मग ती हसली नाही.

तिला मी टाकी दाखवली. तिला तिथं नुसता रिकामा चौथरा दिसतो. टाकी कधीच भंगारात गेली, असं वॉचमन हिंदुरावांनी तिला सांगितलं. पण मी हात लावते तेव्हा खिडकीची काच गरम लागते.

२० मे

प्रगतीला फोन लागतो. ती हॅलो, हॅलो करते. आई, बोल ना, म्हणते. मी बोलतच असते.

भूक लागत नाही. साखरबाई आल्या होत्या. माझ्यासमोर उभं राहून अंजलीला म्हणाल्या, तुमच्या मॅडम न सांगताच गेल्या व्हय गं?

आता लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच दिसत असेन बहुतेक. म्हणजे फक्त अंजलीला.

२४ मे

पोलीस येऊन गेले. माझी पिशवी उचलून बघितली. अंजली रडून सांगत होती, मॅडम इथंच आहेत, या बघा. त्यांनी तिला पाणी पाजलं. तिचे वडील उद्या न्यायला येणार. लॅबला कुलूप लागणार. पुढच्या वर्षी मुली पाठवायच्या नाहीत, असं ठरलं म्हणे.

अंजली म्हणते, मॅडम, तुम्ही नुसतं विचारा, मी चार्ज घेते. प्रगतीला भेटून या, मग मला सोडवा.

भानुदासरावही येतो म्हणाले होते. मी वाटेतच आडवी झाले तर? आणि नाही झाले, प्रगतीला एकदा जवळ घेतलं तर? परत येईन असं वर लिहिलं होतं. खोडलं.

ती एकोणीस वर्षांची आहे.

२४ मे, संध्याकाळ

काच हात ठेववत नाही इतकी—

मघाशी तिला राखेच्या बरण्या बांधायला सांगत होते. बोलता बोलता माझ्याच तोंडून, अंजली, जरा चार्ज— जीभ चावली. रक्त आलं. ती लगेच ओठ उघडून उभी होती. तिनं घेतला म्हटलं असतं. म्हटलंच असतं.

मी विचार करून बोलले नाही. किंवा विचार करूनच. सांगता येत नाही. तोंड माझं आहे पण—

ती निरोप घ्यायला येईलच. नको म्हटलं तरी येईल. पाया पडेल, वर बघेल आणि मी—

उद्या: ती यायच्या आत तोंडात कापसाचा बोळा घट्ट कोंबून ठेवणे.