ब्रुनोसाठी मागितलेला शर्ट

चौक, ता. खालापूर

प्रिय आईस,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? पदवी घेऊन कुत्री सांभाळते म्हणून काका हसतात, तर हसू दे. या प्राणी-आश्रमात माझं मन लागलं आहे.

सध्या इथे ब्रुनो नावाचा बॅसेट जातीचा कुत्रा आहे. ही जात मूळची फ्रान्सची, सशाच्या शिकारीची. पाय आखूड, कान जमिनीला टेकणारे, नाक फार तीक्ष्ण आणि स्वभाव अगदी गरीब. एका शेठने त्याला फार्महाउसच्या राखणीला आणलं होतं. तिथे धुणंभांडी करणाऱ्या पुतळाबाई म्हणाल्या, "राखण कसली गं ताई! चोर आला तर त्याचे पाय चाटंल हा. म्हणून तर शेठनी सोडला."

ब्रुनो अन्नाला शिवत नव्हता. ओळखीच्या वासाने तरी जेवेल, म्हणून मी पुतळाबाईंकडून शेठचा न धुतलेला शर्ट मागून आणला. शर्ट हुंगताच त्याची शेपटी हलू लागली. शेठ आलेत असं समजून त्याने प्रत्येक दारामागे, माझ्या स्कूटीखालीही त्यांना शोधलं. मग मान वर करून असा रडला, की बाकीची कुत्री गप्प झाली.

आता तो शर्टावर मान ठेवून पडून असतो, अन्नाला अजूनही शिवत नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. शर्ट काढून घ्यायला माझा हात होत नाही.

आई, बाबा गेल्यापासून तू त्यांचा स्वेटर उशाशी घेऊन झोपतेस. तो धुऊन ठेव, असं मी पुन्हा म्हणणार नाही.

जपून राहा.
तुझीच,
दीप्ती